जिची वेणी तिच्या हातात

केस कापायच्या दुकानात दिवसातून चार वेळा झाडू मारा, संध्याकाळी ओल्या फडक्यानं लादी पुसून काढा, तरी दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पायाशी, कपाटाखाली, स्वतःच्या ब्लाउजमध्ये कुणाचे ना कुणाचे केस सापडतातच. किश्शांचंही तसंच. मी काही गोळा करायला गेले नव्हते. बायका खुर्चीत बसल्या, मान खाली घातली आणि बोलत सुटल्या. समोर कुणाचं तोंड नसलं की बाई खरं बोलते.

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. हात थरथरतो, कात्री कपाटात आहे. पण हे मागं राहिलेलं अजून कोपऱ्याकोपऱ्यातून निघतं. म्हटलं, लिहून टाकू. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, माझी शाळा सातवीपर्यंतच आहे!

* * *

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. विरारला बोळिंजमध्ये नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर मी लेडीज पार्लर काढलं. आधी ब्लाउज शिवत होते. कापड कापणारा हात केस का कापणार नाही? आईचं जुनं गंगावन होतं, म्हणजे अंबाड्यात घालायचे खोटे केस. उपड्या मडक्यावर फडकं बांधलं, ते केस त्यावर टाचले आणि शिकले. दोन मडकी फुटली. माणूस एकही नाही.

सगळ्यांना तेव्हा एकच कट हवा असायचा. आखूड, मऊ, थराथरांचा. कुणी ‘सॉफ्ट लेयर’ म्हणायची, कुणी मासिकातलं पान फाडून आणायची आणि बोट ठेवायची, “हिच्यासारखं!” लेयर म्हणजे पायऱ्या नव्हेत. पायरी दिसली की कट फसला. बट बोटांत धरून डोक्यापासून सरळ वर उचलायची आणि कात्री आडवी न चालवता टोकानं उभी टोचत न्यायची. मग शेंडे पिसांसारखे एकावर एक पडतात आणि कुठं कापलंय ते कळत नाही. मला कुणी शिकवलं नाही. मी मडक्याला विचारलं.

माझे तीन नियम होते. पहिला, कट पुरा होईपर्यंत आरशावर टॉवेल. दुसरा, का कापताय हे विचारायचं नाही. आणि तिसरा, कापलेली वेणी दोन्ही टोकांना दोरा बांधून, पेपरात गुंडाळून जिची तिच्या हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. केसांवरून करणी करतात असं मानणाऱ्या बायका पुष्कळ. मी मानत नाही. पण उद्या कुणाच्या घरात काही झालं तर नाव माझं!

* * *

नव्या कॉम्प्लेक्समधली एक फ्लॅटवाली खुर्चीत बसता बसता भिंती बघायला लागली. “तुमचं सर्टिफिकेट कुठं आहे हो?”

दुसऱ्या दिवशी मी सातवीचा निकाल काचेच्या फ्रेममध्ये घालून वर टांगला. लांबून शिक्का दिसायचा, सही दिसायची. दोन वर्षं बायका त्याच्याकडं बघून निर्धास्त मान खाली घालत होत्या.

मग एक रिटायर झालेल्या हेडमास्तरीण बाई आल्या. चष्मा लावला, स्टुलावर चढल्या आणि मोठ्यांदा वाचलं. “गणितात पस्तीस!”

मी म्हटलं, “पस्तीसला पास करतात ना बाई? बसा मग.”

बसल्या. शेवटपर्यंत माझ्याकडेच येत होत्या. शेवटी शेवटी त्यांना माझं नाव आठवत नसे, स्वतःचंही नसे. पण दारात आल्या की बोट वर करून म्हणायच्या, “पस्तीस.”

* * *

आता कुंदा. तिच्याशिवाय पुढचं काही सांगता यायचं नाही.

दुकान काढल्यावर वर्षभरानं ती काम मागायला आली. माहेर चिंचोटीचं, शेतीवाडीतलं. नवरा मस्कतला गेलेला. वेणी गुडघ्याला टेकायची, काळीभोर, शेंड्याला मात्र तांबूस, भाजल्यासारखी. मी म्हटलं, केस कापायच्या दुकानात ही जाहिरात चालायची नाही. तर म्हणते, “झाडू मारीन, थ्रेडिंग शिकीन, पन केसांना हात लावायचा नाय. ते जाताना सांगून गेलेत, कापायचे नाय.”

पहिलं वर्ष पत्रं आली. दुसऱ्या वर्षी दोन. मग काही नाही. ती मात्र लिहीत राहिली. ती राहत होती ती चाळ पाडली तेव्हा माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली आणि पत्रात नवा पत्ता, दुकानाचा फोन नंबर, सगळं कळवलं. मस्कतहून सुट्टीवर आलेल्या कुणीतरी सांगितलं की त्यानं तिथं दुसरं बिऱ्हाड मांडलंय. कुंदा म्हणाली, “लोक काय, काही सांगतात.”

दर शनिवारी ती केस धुवायची. आमच्याकडं तेव्हा पाणी टँकरचं. मी गिऱ्हाइकांना घरून डोकं धुऊन या म्हणून सांगायची आणि ही बया शनिवारी दोन बादल्या त्या केसांवर ओतायची! एकदा माझं डोकं फिरलं. कात्री घेऊन तिच्या मागं उभी राहिले. “आज तोडतेच हे लोढणं.”

तिनं मनगट धरलं माझं. पकड अशी की कात्री खाली पडली. “माई, केस गेले तर ते आल्यावर मला वळखतील कसे?”

“चेहऱ्यानं!” मी ओरडले.

ती नुसती हसली. मला आयुष्यात कुणी उत्तर देऊन गप्प केलं नाही, पण त्या हसण्यानं केलं.

* * *

तिचं अगदीच खोटं नव्हतं म्हणा. आमच्या मागच्या बिल्डिंगमधली सुलभा कट करून गेली आणि अर्ध्या तासात परत आली. रडत होती की हसत होती, कळेना. रेशनवर गेली होती. दहा वर्षं तोच दुकानदार, तीच रांग, तोच डबा. त्यानं विचारलं, “ताई, नवीन राहायला आल्या का इकडे?”

मी म्हटलं, “म्हणजे दहा वर्षं त्यानं रॉकेल वेणीला दिलं. बाईला दिलंच नाही!”

कुंदा तेव्हा कोपऱ्यात लादी पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

* * *

मुंबईला ऑफिसात जाणारी एक मुलगी होती, नवीन लग्न झालेली. तिनं मानेपर्यंत लेयर कापून घेतले आणि मग घाबरली. गौरीला सासरी गावी जायचं होतं, सासूला लांब केसांची हौस. मी तिच्याच वेणीचं गंगावन करून दिलं. आखूड लेयरवर क्लिपा टिकत नाहीत, सुळकन सुटतात. म्हणून बजावलं, “मान हलवू नकोस. मुख्य म्हणजे फुगडी घालू नकोस.”

गौरीचा जागर म्हटल्यावर फुगडी सुटते होय! तिसऱ्या गिरकीला वेणी उडाली आणि भिंतीला टेकून बसलेल्या सासूच्या मांडीत जाऊन पडली.

पंधरा दिवसांनी सासू माझ्या दारात. नऊवारी, हातात ती वेणी. मी पदर खोचून तयारच होते. म्हटलं, येऊ दे, दोन शब्द ती बोलेल, चार मी बोलेन.

बाई सरळ खुर्चीत बसली. अंबाडा सोडला. मी भांग पाडायला गेले आणि कंगवा तिथंच थांबला. उजव्या कानाच्या वर हाताच्या पंजाएवढी जागा टक्कल. कातडी गुळगुळीत, जुनी.

“आता मारत नाहीत,” ती म्हणाली. “लकवा झालाय त्यांना. पण तेवढे केस काही परत आले नाहीत. अंबाड्यात झाकत होते. आता उरलेलेही विरळ झाले, झाकत नाही. सुनेला जे केलंत त्यानं झाकेल का?”

झाकलं. वरचे थर लांब ठेवले आणि एकावर एक असे पाडले की वाऱ्यातसुद्धा ती जागा दिसू नये. टॉवेल काढल्यावर तिनं आरशात आधी कानावरच बघितलं. मग विचारलं, “हे सुनेला सांगणार का तुम्ही?”

“नाही.”

“तिला वाटू दे, म्हातारीला फॅशन सुचली म्हणून.”

सून पुढं दोन वर्षं मला हसून सांगत होती. “माई, आमच्या सासूबाई काय मॉडर्न झाल्यात!” मी म्हणायची, “हो ना.”

* * *

माझ्याकडं दुसरी बाई होती फिलू. जवळच्याच गावातली, ख्रिश्चन. भुवया कोरण्यात हात असा की वाटावं, पेन्सिलनं काढल्यात. तोंड मात्र सुतळी बॉम्ब.

एका दुपारी फिलू म्हणाली, “माई, कात्री घ्या. माज्या मावशीला मरायचं हाय.”

त्यांच्यात अंत्यविधीला पेटीभोवती सगळे उभे राहतात आणि फोटो काढतात. परदेशातल्या मुलांना पाठवायचा असतो. मावशीचं म्हणणं, त्या फोटोत ती झिपरी दिसता कामा नये. डॉक्टरांनी आठवडा दिला होता, फादर येऊन शेवटच्या प्रार्थनेचं तेल लावून गेले होते. मी बिछान्यावरच तिला उशीला टेकवून बसवली. केस म्हणजे कापसाची म्हातारी, फुंकर मारली तर उडतील. असे केस ओढायचे नसतात, नुसते बोटांवर झेलायचे. पाऊण तास लागला. तिनं आरसा मागितला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

“हां,” म्हणाली. “आता मरायला हरकत नाय.”

आणि चार वर्षं जगली! दर दोन महिन्यांनी फिलू म्हणायची, “चला माई, मावशीचा फोटो वाढलाय.” मी कात्री घेऊन जायची. मावशी बिछान्यात ताठ बसून असायची. “बारीक कर गो, काय नेम हाय!”

गेली ती भर पावसात, रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं तेव्हा. मला निरोप पोचायलाच दोन दिवस लागले. फिलूनं नंतर फोटो दाखवला. कुणा शहाण्या सुनेनं खोबरेल तेल थापून केस चप्प बसवले होते, मधोमध भांग पाडून.

फिलू म्हणाली, “वळखू येते का सांगा.”

मी फोटो परत दिला. चार वर्षांचं काम.

* * *

माझं चुकलं असं मी सहसा म्हणत नाही. एकदाच म्हटलं.

चांदीपहून एक मुलगी आली, शेतकरी घरातली, कुरळ्या केसांची. रविवारी बोलणी पक्की व्हायची होती, मुलगा नोकरीवाला. “त्याला शॉर्ट केस आवडतात, फोनवर बोलला.” मला घाई होती. कुरळे केस ओले करून कापले. असे केस ओले असताना खांद्याला असतात आणि वाळले की कानावर चढतात, हे मला माहीत होतं! माहीत असून कापले. वाळल्यावर ते असे उभे राहिले की आरशावरचा टॉवेल काढायला माझा हात उचलेना.

सोमवारी कळलं, मुलाकडून केसांवरून नकार आला. मुलगी माझ्या दारात उभी राहून बोट दाखवून बोलली. “या बाईनं माझं वाटोळं केलं.” सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

मी साडी बदलली आणि सरळ मुलाच्या घरी गेले. म्हटलं, केस महिनाभरात वाढतील, चूक माझी, मुलगी गुणाची आहे, हवं तर पाया पडते. मुलाच्या आईनं पाणी दिलं आणि खाली बघून म्हणाली, “केसांचं काही नाही हो. मुलाचं दुसरीकडं आहे. आम्हाला रविवारी सकाळीच कळलं. काहीतरी कारण सांगायचं म्हणून सांगितलं.”

परतताना मी विचार केला. मुलीला जाऊन काय सांगू? की तुला केसांमुळं नाही, तुला बघायच्या आधीच नाकारलं होतं?

नाही सांगितलं. ती सहा-सात वर्षं मला शिव्या देत होती. लग्न झालं, मूल झालं, तरी रस्त्यात दिसले की मूल कडेवर घेऊन पलीकडं जायची. देऊ दे! मला शिव्या पचतात, तिला ते पचलं नसतं.

फिलू म्हणायची, “माई, सांगून टाका एकदा.” कुंदा म्हणाली, “नका सांगू. तिला वाटू दे केसांमुळंच.”

* * *

कुंदाच्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिला चष्मा लागला होता, अंग भरलं होतं, थ्रेडिंगला बायका तिचंच नाव घेऊन यायच्या. वेणी तशीच. गुडघ्यापर्यंत.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपारी दुकानातला फोन वाजला, मी उचलला.

“कुंदा तिथं काम करते का? मी तिचा मिस्टर बोलतोय. इंडियात आलोय. उद्या दुपारी तिला न्यायला येतो, सांगा.” आणि फोन ठेवला. दोन ओळी. नऊ वर्षं आणि दोन ओळी!

मी कुंदाला सांगितलं. तिच्या दातांत दोरा होता. तो काढून म्हणाली, “उद्या? दुपारी?”

“दुपारी.”

“बरं,” म्हणाली आणि हातातली भुवई पुरी केली.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं तर ती खुर्चीत बसलेली. केस धुतलेले, वेणी घातलेली. शनिवार नव्हता. आरशावर टॉवेल तिनंच टाकला होता.

“माई, घ्या.”

“काय घ्या?”

“सॉफ्ट लेयर.”

‘का?’ माझ्या जिभेवर आलं होतं, पण दुसरा नियम माझाच. वेणीला वर-खाली दोरा बांधला आणि मानेशी कात्री लावली. तीन वेळा दाबावी लागली, इतकी जाड. मग थर घेतले, एकेक बट वर उचलून. इतकी वर्षं ओढून धरलेले केस मोकळे झाले की आपोआप वळतात, कपाळाशी, कानाशी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कट तो, सांगून ठेवते. ती डोळे उघडे ठेवून टॉवेलकडं बघत होती.

टॉवेल काढला. तिनं स्वतःला बघितलं, चष्मा लावला, परत बघितलं.

“बरं झालंय,” म्हणाली आणि उठून झाडू घेतला. वेणी मी पेपरावर ठेवून तिच्यासमोर सरकवली. तिनं ती गुंडाळली नाही. काउंटरवर तशीच राहू दिली.

दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, सेंटचा वास, हातात मोठी बॅग. मी मागं एकीचे केस विंचरत होते, फिलू पाणी भरत होती. कुंदा दाराशीच एका बाईची थ्रेडिंग करत होती, एक भुवई झालेली. तो तिच्यासमोर उभा राहिला. हातभर अंतर असेल.

“ताई,” तो तिला म्हणाला, “कुंदा इथंच काम करते ना?”

फिलूच्या हातातून तांब्या पडला. मी कंगवा हवेत धरून उभी.

कुंदानं त्याच्याकडं बघितलं. सावकाश, चष्म्यातून. “करायची,” म्हणाली. “गेली.”

“कधी?”

“आजच. सकाळी.”

“मी येणार ते माहीत होतं तिला?”

“होतं.”

तो इकडंतिकडं बघायला लागला आणि त्याची नजर काउंटरवर गेली. बॅग खाली ठेवली. वेणी उचलली, हातावर तोलली, शेंडा बोटांत धरून उजेडात नेला. तांबूस, भाजल्यासारखा.

“ही तिची आहे,” तो म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा. “ही मी कुठंही ओळखीन.”

त्यानं वेणीवरून हात फिरवला.

“का कापली?”

“इथं विचारत नाहीत,” कुंदा म्हणाली.

“मी नेऊ ही?”

“इथं दुसऱ्या कुणाला वेणी देत नाहीत. नियम आहे.” तिनं पेपर ओढला, त्याच्या हातातून वेणी घेतली, नीट गुंडाळली आणि परत त्याच्या हातात ठेवली. “पण ही तुमचीच होती. न्या.”

तो पायरीपर्यंत गेला आणि वळला. “ताई, ती आली तर सांगाल का, मी येऊन गेलो म्हणून?”

“सांगते.”

तो गेला. कुंदानं दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि समोरच्या बाईला म्हणाली, “डोळे मिटा. एक भुवई राहिलीय.”